लेथपासून पदवीपर्यंतची वाट

(कामगार विभागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दहावी-बारावीचे निकाल लागले की कामगार वस्त्यांतून दर वर्षी एकच प्रश्न कानी येऊ लागतो : मुलाने कोणती शाखा घ्यावी? यंत्र अभियांत्रिकी घ्यावी की उत्पादन अभियांत्रिकी? पदविका करावी की बारावी करून थेट पदवीस जावे? भोसरीत, सातपूरला, कोल्हापूरच्या शिरोलीत, जिथे जिथे लेथ फिरतो आणि भट्टी पेटते तिथे तिथे हा प्रश्न घरोघर चर्चिला जातो. संघटनेच्या कार्यकर्त्याकडेही लोक तो घेऊन येतात. बोनसचा हिशेब ज्याला विचारायचा त्यालाच मुलाच्या शिक्षणाचाही सल्ला विचारायचा, ही कामगाराची जुनी रीत आहे. कार्यकर्ता मात्र पुष्कळदा गुणांचा आकडा विचारतो आणि एखाद्या महाविद्यालयाचे नाव सांगून मोकळा होतो. हे पुरेसे नाही. या प्रश्नाच्या पोटात श्रम आणि ज्ञान यांच्या नात्याचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून पहिल्या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही.

प्रथम पर्याय कोणते ते पाहू. यंत्र अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी सर्वांच्या परिचयाची आहे. उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, पदार्थांचे बल, यंत्रांची गती, यंत्ररचना हे तिचे आधारस्तंभ. यंत्र कसे असावे, त्याचा दांडा किती जाडीचा हवा, बॉयलरची उष्णता कुठे वाया जाते, हे ती शिकवते. उत्पादन अभियांत्रिकीची पदवी वेगळ्या प्रश्नापासून सुरू होते : ठरलेली वस्तू घडवावयाची कशी? धातू कापताना हत्यार किती काळ टिकेल, ओतकामात पोकळी का राहते, जिग आणि फिक्श्चर कसे बांधावे, माप कसे घ्यावे, कामाची आखणी कशी करावी, हा तिचा प्रांत. यांखेरीज वाहन अभियांत्रिकी, मेकॅट्रॉनिक्स, यंत्रमानव व स्वयंचलन अशा नव्या नावांच्या पदव्याही आहेत. पुणे विद्यापीठात एके काळी या विषयांचे 'सँडविच' अभ्यासक्रम होते. त्यांत विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळातच काही महिने कारखान्यात प्रत्यक्ष काम करावयाचे असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये 'बॅचलर ऑफ व्होकेशन' ही तीन वर्षांची पदवी आणली. एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशा तिच्या पायऱ्या आहेत. याच आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

नावांची ही यादी मोठी आहे, आणि जाहिराती तिला आणखी मोठी करतात. परंतु सर्व नावे बाजूला सारली की खाली दोनच तऱ्हा उरतात. एक पदवी यंत्राची कल्पना करणाऱ्याची, दुसरी यंत्र घडविणाऱ्याची. पहिलीला मान अधिक. दुसरीकडे विद्यार्थी बहुधा पहिलीचे गुण कमी पडले म्हणून वळतो. आणि या दोहोंच्याही खाली, पदवीच्या उंबरठ्याबाहेर, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला फिटर आणि टर्नर उभा असतो. ही उतरंड कुठून आली?

१८५४ साली पुण्यात 'इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' उघडले. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, आता विद्यापीठ झालेल्या संस्थेचे, ते मूळ रूप. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते, आणि ते तयार करणे हा त्या शाळेचा हेतू होता. साहेबाने आखावे, दुय्यमाने देखरेख करावी, मजुराने राबावे ही त्या खात्याची रचना, आणि तीच शाळेच्या पायात घातली गेली. मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, स्थापन झाली. गिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे पाहिजे होती. गिरणीतला साचेवाला मात्र त्या संस्थेच्या कल्पनेत विद्यार्थी म्हणून फारसा नव्हता.

या दोन घटनांच्या मधल्या काळात, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हा त्या निवेदनाचा गाभा होता. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात तांत्रिक शिक्षणाच्या सोयींची मागणी आवर्जून केली. दोघांच्याही दृष्टीने प्रश्न एकच होता : जो राबतो त्याला राबण्यामागचे शास्त्र मिळणार की नाही?

शास्त्र आणि श्रम यांची फारकत ही केवळ वसाहतीची देणगी नव्हे. कारखानदारीच्या पोटातही तिचे बीज आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर याची कथा या संदर्भात मोठी उद्बोधक आहे. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण. दृष्टीच्या त्रासामुळे हार्वर्डची वाट सोडून तो नमुनेकार आणि यंत्रकारागीर म्हणून उमेदवारी करू लागला. १८७८ मध्ये तो मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून दाखल झाला. तेथे काम करता करता त्याने अभ्यास केला आणि १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून यंत्र अभियंत्याची पदवी मिळवली. लेथवर उभे राहिल्यामुळेच त्याला पडलेले प्रश्न खरे होते. कापण्याचा वेग वाढवला की हत्यार किती लवकर बोथट होते, याचे प्रयोग त्याने सुमारे पंचवीस वर्षे केले. त्याने काढलेले सूत्र आजही उत्पादन अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

परंतु याच टेलरने पुढे 'शास्त्रीय व्यवस्थापन' उभे केले आणि त्याचे सार असे की विचार करण्याचे काम कारखान्याच्या मजल्यावरून उचलून आखणी विभागात न्यावे; कामगाराने ठरवून दिलेली हालचाल ठरवून दिलेल्या सेकंदांत करावी. जो स्वतः हाताच्या कामातून शास्त्राकडे गेला त्यानेच मागून येणाऱ्यांची शिडी काढून घेतली! यात एक गोष्ट विसरता कामा नये. पाळी संपवून अभ्यास करण्याचे त्याला साधले, कारण घरची चूल त्याच्या मजुरीवर पेटत नव्हती. पाळी संपल्यावर ज्याला ओव्हरटाइम करावा लागतो, त्याची गोष्ट निराळी.

अमेरिकेत या फारकतीने पुढे पदव्यांचेच रूप घेतले. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकी शिक्षणात गणित आणि मूलभूत शास्त्रांवर भर दिला. रेखांकन, यंत्रशाळा, प्रत्यक्ष घडण यांचे तास आक्रसत गेले. ही पोकळी भरून काढण्यासाठी १९६० च्या दशकापासून 'अभियांत्रिकी तंत्रज्ञान' या नावाची चार वर्षांची वेगळी पदवी वाढीला लागली. यंत्र तंत्रज्ञान आणि उत्पादन तंत्रज्ञान या तिच्या दोन प्रमुख शाखा. प्रयोगशाळा आणि कारखाना हा तिचा प्राण आहे, गणित आहे ते कामापुरते. शिक्षण चांगले असते आणि नोकऱ्याही मिळतात. पण तेथील काही राज्यांत या पदवीधराला व्यावसायिक अभियंत्याचा परवाना मिळण्यास अधिक वर्षांचा अनुभव लागतो, आणि काही राज्यांत तो मिळतच नाही. पदव्यांची मान्यता ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांतही हीच उतरंड दिसते : अभियंत्यासाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, तंत्रज्ञासाठी २००१ चा सिडनी करार, तंत्रसाहाय्यकासाठी २००२ चा डब्लिन करार. भारत २०१४ मध्ये यांपैकी पहिल्याचा पूर्ण सदस्य झाला.

जर्मनीने काही अंशी निराळी वाट धरली. तेथील राज्यांनी १९६८ मध्ये करार करून जुन्या अभियांत्रिकी शाळांना उपयोजित शास्त्रांच्या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा दिला. कारखान्याचा अनुभव असलेल्या शिक्षकांनी कारखान्याशी जोडलेले शिक्षण द्यावे, हे त्यांचे वैशिष्ट्य. तेथे कारागिराने 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर, ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची प्राचीन परंपरा आहे. २००९ मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले की अशा उस्तादाला विद्यापीठाचे दार सर्वसाधारणपणे खुले असावे. जर्मन समाजात वर्गभेद नाही असा याचा अर्थ नव्हे. मात्र हाताच्या कौशल्याने मिळवलेली योग्यता ही उच्च शिक्षणाची योग्यता मानता येते, एवढे त्या देशाने मान्य केले.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे शिडी मुळीच नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. दहावी उत्तीर्ण मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे फिटर, टर्नर वा मशिनिस्ट होतो. तेथून त्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांत पदविका. पदविकेनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयात पुन्हा थेट दुसरे वर्ष. तीन वर्षांत पदवी. एकूण वर्षे सात. बारावीच्या वाटेने जाणाऱ्याची दोन आणि चार मिळून सहा, आणि दहावीनंतर सरळ पदविकेला जाणाऱ्याचीही तीन आणि तीन मिळून सहाच. म्हणजे अवघ्या एका वर्षाचा फरक. आणि त्या एका वर्षाच्या बदल्यात दोन वर्षांचा खरा हातकसब! कागदावर पाहता यंत्र आणि उत्पादन अभियांत्रिकीसाठी याहून चांगली तयारी कोणती असू शकेल? मायक्रोमीटर हाती धरून ज्याने शतांश मिलिमीटर मोजला आहे, त्याला मापनशास्त्र शिकवावे लागत नाही. त्याचे गणित तेवढे दाखवावे लागते.

मग या वाटेने इतकी थोडी मुले का जातात? कारण शिडीच्या पायऱ्या मधे मधे तुटलेल्या आहेत.

पहिली तुटलेली पायरी भाषेची. प्रशिक्षण संस्थेत मुलगा मराठीतून शिकतो. पदविकेला इंग्रजी सुरू होते आणि पदवीला इंग्रजीच उरते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळानेही त्याच सुमारास पदविकेला मराठी-इंग्रजी अशी द्विभाषिक सोय केली. पावले योग्य आहेत. पण मुभा म्हणजे शिकवणे नव्हे. पुस्तक मराठीत, शिक्षकाचे टिपण इंग्रजीत आणि नोकरीची मुलाखत इंग्रजीत, अशा स्थितीत मराठी हा पर्याय निवडण्याचे धाडस कोण करील?

दुसरी पायरी गणिताची. प्रशिक्षण संस्थेत 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' असते. त्रिकोणमिती तेथे टेपर कापण्यापुरती येते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मुलगा पोचतो तेव्हा पुढ्यात अवकल समीकरणे आणि लाप्लास परिवर्तने उभी राहतात. बारावीच्या मुलाने मधल्या काळात जे शिकले ते याला कोणी शिकवलेलेच नसते. तो नापास होतो, आणि लोक म्हणतात, कामगाराच्या मुलाला डोकेच नाही. डोके आहे, मधला पूल नाही.

तिसरी पायरी पैशाची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या कारकीर्दीत महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे जागा वाढल्या हे खरे आणि खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले अभियंते झाली हेही खरे. परंतु तेव्हापासून पदवी ही विकत घ्यावयाची वस्तू बनली आणि तिच्या किमतीवरून राज्यांत आणि न्यायालयांत लढे सुरू झाले. १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, २००२ चा टी. एम. ए. पै निकाल आणि २०१५ चा महाराष्ट्राचा शुल्कनियमन कायदा हे त्याच लढ्याचे टप्पे. राखीव प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या आहेत. २०२४ मध्ये राज्याने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील घरांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. यंत्रशाळेत मुली अजून विरळ दिसतात, त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय स्वागतार्हच. मात्र शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, प्रवास, पुस्तके आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बुडणारा रोजगार, ही किंमत घरानेच मोजायची असते.

आणि म्हणून चौथी पायरी, सर्वांत महत्त्वाची : नोकरी न सोडता शिकण्याची. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लेथवर उभा राहिलेला मुलगा घर चालवू लागला की त्याच्यासाठी दिवसाचे महाविद्यालय संपले. अशांसाठी एके काळी 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षा हा मोठा आधार होता. कितीतरी पदविकाधारकांनी पाळ्या सांभाळून या परीक्षा दिल्या आणि पदवीच्या बरोबरीची मान्यता मिळवली. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ही मान्यता थांबवली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणात, असे शिक्षण ग्राह्य धरण्यास नकार दिला. त्या निर्णयामागचे तत्त्व चूक नव्हते. प्रयोगशाळेवाचून अभियंता होत नाही. पण यंत्रासमोर रोज आठ तास उभा राहणारा माणूस आणि यंत्र कधीच न पाहिलेला पत्रद्वारा विद्यार्थी एकाच मापाने मोजले गेले. २०२३-२४ पासून तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग चालविण्यास महाविद्यालयांना परवानगी दिली. दहा वर्षांनी एक दार किलकिले झाले. ते उघडे राहील की नाही, हे मागणी किती जोराची आहे यावर ठरेल.

याच संदर्भात शिकाऊ उमेदवारीचा विचार केला पाहिजे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आधी कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले. कल्पना उत्तम, परंतु कारखान्याच्या मजल्यावर तिचे काय होते हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. कायम कामगाराच्या जागी उमेदवार उभा करावयाचा, त्याच्याकडून एकाच यंत्रावर एकच जॉब वर्षभर काढून घ्यावयाचा आणि मुदत संपली की दुसरा आणावयाचा. ज्या उमेदवारीत शिकवणूक नाही ती स्वस्त मजुरीच होय. पदवीला जोडलेल्या उमेदवारीचे नवे अभ्यासक्रम जिथे निघतील तिथे पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे : या मुलाला किती यंत्रांवर शिकवणार, कोण शिकवणार, आणि त्याची नोंद कुठे होणार?

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की कामगारांना पदव्या वाटल्या तर दर्जा घसरेल. दर्जाची चिंता रास्त आहे, पण दर्जा आज कुठे आहे? पहिल्या वर्षी यंत्रशाळेत एक फाइल घासून, पुढे यंत्र दुरून पाहून, पदवी घेणारा तरुण कारखान्यात येतो आणि जुन्या सेटरला विचारून काम शिकतो, ही वस्तुस्थिती आहे. त्या सेटरला शास्त्र आणि त्या तरुणाला हत्यार मिळाले तर दर्जा वाढेलच. दुसरा आक्षेप असा की सीएनसी यंत्रे आणि यंत्रमानव आल्यावर हाताचे कौशल्य कशाला? खरे पाहता याच कारणाने प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. सीएनसी यंत्राचा ऑपरेटर जॉब चढवतो आणि उतरवतो. प्रोग्रॅम दुसरा कोणी लिहितो. टेलरने सेकंदकाट्याने जे आरंभले ते यंत्राने पुरे केले. यंत्रासमोरचा माणूस प्रोग्रॅम लिहिणारा, हत्यार निवडणारा, बिघाड ओळखणारा झाला नाही तर त्याची जागा कंत्राटी आणि उद्या रिकामी होणार. पदवीचा प्रश्न त्याच्या दृष्टीने प्रतिष्ठेचा नव्हे, टिकून राहण्याचा आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने काय करावे? वस्तीतल्या मुलाने विचारले तर पदवीच्या नावावर न अडकता त्याला प्रश्न विचारावेत : अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? त्यावरून पुढची पायरी चढता येते का? यंत्रशाळा चालू स्थितीत आहे का? उष्णता, गती, रचना यांत रस असेल तर यंत्र अभियांत्रिकी; घडण, माप, आखणी यांत रस असेल तर उत्पादन अभियांत्रिकी, आणि ती खालची आहे असे मानण्याचे कारण नाही. तीन वर्षांची व्यावसायिक पदवी घेणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगावे की ती अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. दुसरे, संघटनेने वेतनकराराच्या मागण्यांत शिक्षणाचे कलम घालावे : शिकणाऱ्या कामगाराला ठरावीक पाळी, परीक्षेची भरपगारी रजा, पदवी मिळाल्यावर बढतीचा हक्क. तिसरे, प्रशिक्षण संस्थेतून पदविकेला आणि पदविकेतून पदवीला जाणाऱ्या मुलांसाठी गणिताचे रात्रीचे वर्ग काढावेत. त्याला सरकारी परवानगी लागत नाही. एक शिक्षक, एक फळा आणि चिकाटी लागते. चौथे, नोकरदारांसाठीचे पदवीवर्ग औद्योगिक वसाहतींच्या जवळ, सरकारी महाविद्यालयांतून आणि परवडणाऱ्या शुल्कात निघावेत यासाठी मागणी लावून धरावी.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. चित्रकला शिकलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यंत्ररेखांकन शिकवीत. अभियंत्याची पदवी नसताना त्यांनी लोखंडी नांगर घडवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून १९२६ मध्ये यंत्र अभियंते झाले. कारखानदाराच्या घरात हातापासून पदवीपर्यंतचे अंतर एका पिढीत कापले गेले. ते नांगर गावोगाव विकत फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचे एक तरुण होते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग रयतेच्या मुलांना खुला केला. त्या मार्गाने शेतकऱ्यांची मुले पदवीधर झाली.

तोच मार्ग आता कारखान्याच्या फाटकातून जावयास हवा. संध्याकाळची पाळी सुटते तेव्हा फाटकाबाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी ज्याला शिकायचे आहे त्याला वर्गापर्यंत चालत जाता यावे, तेथे आपल्या भाषेत प्रश्न विचारता यावा, आणि त्यासाठी घरची भाकर गहाण पडू नये. एवढे झाले म्हणजे पदव्यांची नावे काय असावीत, याची चर्चा विद्वानांनी सावकाश करावी.